रेघ आणि अक्षर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी नामवंत वक्ता आणावयाचा, ही आपल्या मंडळाची पद्धत. यंदा कार्यवाहबाईंनी ती मोडली आणि घरच्याच एका बाईला उभे केले. मी त्यांना म्हटले, "अहो, मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. मला खडूने बोलण्याची सवय, तोंडाने नव्हे." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या नातीविषयी बोला. ती तिकडे जाऊन काय शिकून आली, ते आम्हां कुणालाच नीट कळलेले नाही." खरे सांगायचे तर पहिले वर्षभर ते मलाही कळले नव्हते. जे हळूहळू उमगले, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

माझ्या नातीने इंग्लंडमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळवला तो दोन विषयांसाठी. एक सर्जनशील लेखन आणि दुसरा ललितकला. दोन्ही मिळून पदवी मात्र एकच. घरात ही बातमी आली तेव्हा पेढे वाटायचे की कपाळाला हात लावायचा, हेच कुणाला सुचेना. माझा मुलगा म्हणाला, "आई, निदान तू तरी सांग तिला. चित्रकला तर चित्रकला घे म्हणावं, लिहायचं तर फावल्या वेळात लिही. या दोन्हीसाठी कर्ज काढून परदेशी कोण जातं?" सूनबाई काही बोलली नाही, पण तिचे डोळे माझ्याकडेच लागले होते. घरात चित्रकलेतले कळणारी मीच एकटी. मीही मग वडीलपणाने सांगून टाकले, "बाळ, एक काही तरी धर. दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो."

ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "आजी, तू एक धरलंस ना? मग दुसऱ्याचं काय झालं?"

भगिनींनो, या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. तिला कोणी सांगितले होते कोण जाणे, पण शाळेत असताना मी कविता लिहीत असे. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा मी चांगल्या श्रेणीत पास झाले आणि वडील म्हणाले की, ड्रॉइंग-टीचरला नोकरी लवकर मिळते. त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. त्या नोकरीवर आमचे घर चालले. कवितांची वही कोणी फाडली नाही, कोणी जाळली नाही, कोणी हसलेही नाही. मी ती नुसती मिटली. बायकांच्या बऱ्याच गोष्टी अशाच संपतात. त्यांना कोणी विरोध करीत नाही. त्या मिटून ठेवल्या जातात, इतकेच.

नात गेली. तिच्या पत्रांतून आणि फोनवरच्या बोलण्यातून मला जे कळले ते असे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तिकडे अभ्यासाचे मोजमाप क्रेडिटमध्ये करतात. तीन वर्षांची मिळून ३६० क्रेडिट. तिच्या विद्यापीठात त्यांपैकी जवळजवळ निम्मी लेखनाची, निम्मी कलेची. लेखनाच्या वर्गाला ते कार्यशाळा म्हणतात. दहाबारा विद्यार्थी गोल बसतात. ज्याच्या लेखनाची पाळी असेल त्याने आपली पाने आधीच सर्वांना दिलेली असतात. वर्गात इतरांनी त्यावर बोलायचे आणि लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसून ऐकायचे. "मला तसे म्हणायचे नव्हते" असे मध्येच म्हणण्याची मुभा नाही. कारण पुस्तक छापले गेले की लेखिका काही प्रत्येक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करीत बसणार नाही. जे कागदावर उतरले तेवढेच खरे.

कलेच्या वर्गातही हाच प्रकार. काम भिंतीवर लावायचे, सर्वांनी त्यासमोर उभे राहायचे आणि काय दिसते ते सांगायचे. काय दिसावे अशी इच्छा होती, ते नव्हे. काय दिसते ते. मी हे ऐकले आणि मनात चरकले. तीस वर्षांत मी मुलींच्या चित्रांवर लाल पेन्सिलने खुणा केल्या, गुण दिले; पण एका मुलीचे चित्र भिंतीवर लावून बाकीच्यांना "तुम्हांला यात काय दिसते?" असे एकदाही विचारले नाही.

आता तुम्हांला वाटेल की दोन विषय एकत्र म्हणजे कोणी तरी तिला ते एकत्र करावयास शिकवीत असेल. तसे काही नाही. लेखनाचे अध्यापक वेगळे, कलेचे वेगळे. इमारती वेगळ्या, वेळापत्रक वेगळे. एका इमारतीतून दुसरीत जाताना वाटेत जे काही जुळेल ते विद्यार्थ्यानेच जुळवायचे. विद्यापीठ दोन चुली पेटवून देते. स्वयंपाक आपला आपण करावयाचा.

आणि पहिल्या वर्षी तिचा स्वयंपाक साफ बिघडला. तिने एक चित्र काढले: पावसात उभी असलेली एक म्हातारी. त्याखाली तिने लिहिले, पावसात उभ्या असलेल्या म्हातारीविषयी. लेखनाच्या वर्गात सर्वजण म्हणाले, हे तर चित्राचे वर्णन आहे. कलेच्या वर्गात म्हणाले, हे तर गोष्टीला जोडलेले चित्र आहे. दोन्हीकडे गुण कमी पडले. मी मनात म्हटले, पडली पाण्यात! पण तिच्या एका शिक्षिकेने तिला जे सांगितले ते फार मोलाचे आहे. त्या म्हणाल्या, "शब्द जे सांगतात तेच चित्रही सांगत असेल, तर त्यांतले एक फेकून दे. जे एकट्याने सांगता येत नाही तेवढ्यासाठीच दोघांना बोलाव." हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले. पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

आता एक आक्षेप आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात आला असेल. माझ्या मुलाच्या मनात तर होताच. कविता करणे, मूर्ती घडवणे ही कामे मोठी खरी. पण ती विद्यापीठात बसून करावयाची आहेत काय? विद्यापीठात कवितेचा अभ्यास करावा, कवितेवर प्रबंध लिहावा. कविताच प्रबंध म्हणून कशी द्यायची? मलाही हा प्रश्न पडला. म्हणून मी नातीला म्हटले, ही चाल मुळात कोणी पाडली ते मला शोधून दे. तिने मला पुस्तके आणून दिली आणि त्यांत मला दोन स्त्रिया भेटल्या. त्यांची हकिगत मी आज मुद्दाम सांगणार आहे.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. शेतीचा मुलूख, मक्याची शेते. तेथील राज्य विद्यापीठाने १९२२ साली असे जाहीर केले की, वरच्या पदवीसाठी संशोधनाच्या प्रबंधाऐवजी स्वतः निर्माण केलेली कृतीही आम्ही स्वीकारू. कवितासंग्रह चालेल, नाटक चालेल, संगीतरचना चालेल, चित्र वा शिल्पही चालेल. त्या काळी ही मोठी धिटाईची गोष्ट होती. कवितासंग्रहाला प्रबंधाचा मान मिळाला तो १९३० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच, आणि असे सुरुवातीचे संग्रह देणाऱ्यांत एक स्त्रीही होती. १९३६ साली तेथे लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. आज जगभर जी अशी शिक्षणक्रमांची रांग लागली आहे, तिचे एक मोठे मूळ या मक्याच्या मुलखात आहे. तिथेच १९६७ पासून देशोदेशींच्या लेखकांना बोलावण्याचा उपक्रम सुरू झाला. आपले मराठी कवी आणि चित्रकारही असलेले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात त्यासाठी तेथे राहून आले.

मी म्हणते त्या दोघीजणी मात्र त्याच्या पुष्कळ आधीच्या. एकीचे नाव एलिझाबेथ कॅटलेट, दुसरीचे मार्गारेट वॉकर. दोघींचा जन्म १९१५ चा. दोघी कृष्णवर्णीय. दोघींच्या आज्या गुलामगिरीच्या काळातल्या गोष्टी सांगणाऱ्या. कॅटलेटने प्रथम एका नामांकित कलासंस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. तिच्या वर्णामुळे तिला तो नाकारला गेला. मग ती कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली, काही दिवस शाळेत शिकवले आणि पुढे आयोवाला गेली. तेथे ती शिल्प शिकत होती. वॉकर कविता घेऊन आली होती. विद्यापीठाने त्यांना वर्गात घेतले. परंतु विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात कृष्णवर्णीयांना त्या वेळी जागा नव्हती. तेव्हा या दोघी गावात एकत्र बिऱ्हाड करून राहिल्या.

भगिनींनो, त्या बिऱ्हाडाचे चित्र मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणते. एकीच्या कपड्यांवर दगडाची भुकटी, दुसरीच्या बोटांना शाई. तेथे त्या काय बोलत असतील ते मी सांगू शकत नाही, आणि कल्पनेने रचून सांगणे बरोबर नव्हे. पण त्यांनी केलेले काम आपल्यासमोर आहे.

कॅटलेटला शिकवणाऱ्यांत ग्रँट वुड हे प्रसिद्ध चित्रकार होते. त्यांचे १९३० सालचे 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र, तो हातात दाताळे घेतलेला शेतकरी आणि शेजारी ती कडक चेहऱ्याची बाई, आपण कुठे ना कुठे पाहिले असेल. त्यांनी तिला सांगितले की, तुला जे सर्वांत जास्त ठाऊक आहे तेच घडव. तिला काय ठाऊक होते? तिने चुनखडीच्या दगडात एक कृष्णवर्णीय आई आणि तिला बिलगलेले मूल घडवले. हेच तिचे पदवीचे काम. १९४० साली ती विद्यापीठाच्या पहिल्या एम्. एफ्. ए. पदवीधरांपैकी एक झाली, आणि त्याच वर्षी त्या शिल्पाला शिकागोच्या प्रदर्शनात शिल्पाचे पहिले पारितोषिक मिळाले.

त्याच १९४० साली वॉकरने आपल्या कवितांचा संग्रह एम्. ए. साठी सादर केला. पुढे १९४२ मध्ये येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेत तो निवडला गेला आणि प्रसिद्ध झाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. एकीचा प्रबंध दगड, दुसरीचा कविता, आणि विद्यापीठाने दोन्हींना सारखेच तोलले.

आता यापुढचे ऐका, कारण मला सर्वांत अधिक आवडते ते हेच. कॅटलेट पुढे मेक्सिकोला गेली आणि तेथे १९४६-४७ मध्ये तिने लिनोलियमच्या ठशांवरून छापलेल्या पंधरा चित्रांची एक माला केली. विषय, कृष्णवर्णीय स्त्री. शेतात राबणारी, दुसऱ्याच्या घरी फरशी पुसणारी, शिकणारी, लढणारी. चित्रांना तिने जी नावे दिली ती वाक्ये किंवा वाक्यांचे तुकडे आहेत, आणि त्यांतून 'मी' म्हणणारी एक स्त्री बोलते. पंधरा नावे ओळीने वाचली की एका स्त्रीचे मनोगत तयार होते. नावे काढून टाका, चित्रे उत्तमच राहतील. पण त्या पंधरा वेगवेगळ्या बायका राहतील. नावे वाचली की त्या सगळ्या मिळून एकच बाई होते आणि ती तुमच्याशी बोलू लागते. जे चित्राला एकट्याने सांगता येत नव्हते, तेवढ्यासाठीच तिने शब्दांना बोलावले. नातीच्या शिक्षिकेचे वाक्य मला येथे उलगडले.

आणि वॉकर? तिला आपल्या पणजीची गोष्ट लिहावयाची होती. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली, गुलामगिरीत जन्मलेल्या पणजीची गोष्ट. लग्न झाले, चार मुले झाली, मिसिसिपी राज्यातल्या एका महाविद्यालयात १९४९ पासून तिने शिकवावयास सुरुवात केली, ती तीस वर्षे शिकवीत होती. मुलांचे, नोकरीचे, घराचे पाहता पाहता कादंबरी मागे पडत गेली. शेवटी ती पुन्हा आयोवालाच परतली आणि १९६५ साली ती कादंबरीच प्रबंध म्हणून देऊन तिने डॉक्टरेट मिळवली. पन्नाशीला टेकलेली चार मुलांची आई! 'ज्युबिली' ही ती कादंबरी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठाने तिला कथा सुचवली नाही. कथा तिच्या आजीने दिली होती. विद्यापीठाने दिला तो वेळ, एक मुदत, आणि "हे तुझे काम आहे, फावल्या वेळचा छंद नव्हे" असे म्हणणारा शिक्का. या तीन गोष्टी कोणत्या बाईला घरात आपण होऊन मिळाल्या आहेत, ते तुम्हीच सांगा.

या हकिगतीला दोन शेवट आहेत. एक १९९२ मधला. त्या वर्षी वॉकरच्या त्याच कवितेची एक खास आवृत्ती निघाली, आणि तिच्यात शिलाछापाची चित्रे होती कॅटलेटची. एका बिऱ्हाडात सुरू झालेले काम पन्नास वर्षांनी एका पुस्तकात शेजारी बसले. दुसरा शेवट २०१७ मधला. तोवर दोघीही निवर्तल्या होत्या. आयोवा विद्यापीठाने एक नवे मोठे वसतिगृह उघडले आणि त्याला नाव दिले एलिझाबेथ कॅटलेटचे. जिला वसतिगृहात खोली मिळाली नाही, तिचे नाव वसतिगृहाच्या दारावर! याला न्याय म्हणावे की उशीर म्हणावे, ते मी तुमच्यावर सोपवते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे अमेरिकेतले. आपल्याकडे काय? आपल्याकडे तर कविता आणि चित्र यांची गाठ एका कवीच्या खाडाखोडीतच पडलेली आहे. रवींद्रनाथ ठाकूर कविता लिहिताना जो शब्द खोडीत, ती खोडलेली जागा त्यांना कुरूप वाटे. मग ते एका खोडीला दुसरीशी जोडीत, तिला चोच काढीत, शेपूट काढीत. १९२४ साली ते अर्जेंटिनात आजारी होऊन राहिले असताना व्हिक्टोरिया ओकांपो या विदुषीने त्यांची ती वही पाहिली आणि यांत चित्रकार दडला आहे हे ओळखले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेही तिच्याच खटपटीने. वय वर्षे अडुसष्ट-एकोणसत्तर. पण त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, त्यांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले होते. तिथे काव्य, संगीत, चित्र ही एकाच आवारातली झाडे होती.

आणखी जवळचे उदाहरण बडोद्याचे. १९४९ साली तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू एक स्त्री होत्या, हंसाबेन मेहता. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, तेथे ललितकलेची विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकलेला विद्यापीठीय पदवीचे आसन मिळाले. आपले मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवीत. त्याच आवारात गुलाममोहम्मद शेख चित्रकला शिकत होते आणि गुजरातीत कविताही लिहीत होते. पुढे ते तेथेच अध्यापक झाले. त्यांनी आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ मध्ये 'वृश्चिक' नावाचे नियतकालिक काढले. त्यात कविता आणि चित्रे शेजारी शेजारी असत. हे खख्खर शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. हिशेब लिहून पोट भरले, चित्रे काढली आणि गुजरातीत कथाही लिहिल्या.

म्हणजे वाट नवी नाही. नवे इतकेच की, ही दोन कामे शेजारी ठेवण्याची मुभा आता वेळापत्रकातच मिळू लागली आहे. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही विद्याशाखांमधल्या उंच भिंती नकोत असे म्हटले आहे. भिंती पडावयास वेळ लागेल. पण निदान भिंत आहे हे मान्य झाले.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून मी खाली बसले तर तुम्ही मला सोडणार नाही, आणि सोडूही नये. अशी पदवी घेऊन नोकरी मिळते काय? सरळ उत्तर असे की, या पदवीने नोकरी चालून येत नाही. वॉकर जन्मभर शिकवीत राहिली. कॅटलेटही मेक्सिकोत शिल्प शिकवीत राहिली. खख्खर हिशेब लिहीत राहिले. ज्या घरात कर्जाचा हप्ता फेडणे कठीण आहे तेथे आईबापांनी मुलीला "थांब, आधी पायाखाली काही तरी येऊ दे" म्हटले, तर मी त्यांना अरसिक म्हणणार नाही. माझे वडीलही अरसिक नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की, "पोटासाठी काय करशील?" हा प्रश्न आणि "दोन्हींपैकी कोणते सोडशील?" हा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत. आम्ही ते एकच समजलो. पोटासाठी चित्रकला शिकवणे मला भाग होते. वही मिटणे भाग नव्हते. ते मी उगाच केले.

हे मला कळले कसे, ते सांगून संपवते.

तिसऱ्या वर्षी नातीला शेवटचे काम करावयाचे होते. तिने एक दिवस फोनवर विचारले, "आजी, पणजी काही लिहायची का गं?" मी म्हटले, "तुझी पणजी निरक्षर होती. दुधाचा रतीब मात्र लिहायची." आणि माझे मलाच हसू आले, कारण ते काही लिहिणे नव्हते. स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीवर आई कोळशाने रेघा ओढीत असे. शेराला एक उभी रेघ, अर्ध्या शेराला आखूड रेघ, गवळ्याचा खाडा झाला की पूज्य. महिनाअखेर ती बोटाने मोजी आणि गवळी निमूट मान्य करी. दिवाळीला भिंत पांढरी होई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

नात म्हणाली, "मला त्या रेघा काढून पाठव." मी कागद घेतला, कोळसा घेतला आणि आठवेल तशी ती भिंत काढू लागले. भगिनींनो, हात आठवतो ते डोके विसरलेले असते. मी नऊ वर्षांची असतानाची भिंत मी काढीत होते. रोज एक उभी आणि एक आखूड, एक उभी आणि एक आखूड. मग दोन पूज्ये. आणि त्यापुढे नुसत्या उभ्या रेघा. आखूड रेघ पुन्हा आली नाही. मी थांबले. ती आखूड रेघ माझ्या धाकट्या भावाच्या दुधाची होती. आठ महिन्यांचा होऊन तो तापाने गेला. आई त्याविषयी आम्हां भावंडांपाशी कधी एक शब्द बोलली नाही. पण भिंतीवर होते.

मी तो कागद पाठवला. नातीचे उत्तर आले, "आजी, रेघा मिळाल्या. आता त्या दिवशी काय काय झालं ते लिहून पाठव. रेघा जे सांगतात ते सोडून बाकीचं." मी म्हटले, मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "येत होतं ना?"

तीन रात्री मी बसले. पुष्कळ लिहिले, पुष्कळ खोडले. मृत्यूविषयी, आईच्या दुःखाविषयी मोठी मोठी वाक्ये लिहिली. मग ते उतरवून घेतलेले वाक्य आठवले. जे रेघ सांगते ते शब्दांनी कशाला सांगायचे? सगळे खोडून शेवटी एकच ओळ ठेवली: त्या दिवशी आईने दुधाचा तांब्या दोनदा घासला.

नातीने त्या महिन्याचे एक पुस्तक केले. डाव्या पानावर एका दिवसाच्या रेघा, ठशाने छापलेल्या. उजव्या पानावर त्या दिवसाची एखाददुसरी ओळ. बहुतेक ओळी तिच्या आहेत. ती तांब्याची ओळ माझी आहे. एकही शब्द न बदलता तिने ती घेतली. सध्या ती एका मुद्रणशाळेत अर्धा दिवस काम करते आणि उरलेला अर्धा दिवस आपले काम करते. माझा मुलगा अजून कर्जाचा हिशेब मांडतो. पण ते पुस्तक त्याने कपाटात मध्यभागी ठेवले आहे, आणि आल्यागेल्याला तोच काढून दाखवतो.

आपल्या आज्यापणज्या पहाटे दारात रांगोळी काढीत आणि जात्यावर ओवी म्हणत. एकाच बाईचे ते दोन हात होते. हे दोन विषय आहेत असे तिला कोणी सांगितले नव्हते. पण रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाई, ओवीखाली तिचे नाव लागत नसे, आणि भिंत दिवाळीला पांढरी होई. विद्यापीठ करते ते इतकेच की, ती भिंत रंगवण्याआधी थोडे थांबायला सांगते.

आपल्याला विद्यापीठात जाणे आता जमायचे नाही. पण आपल्या मंडळाचे हस्तलिखित आहे. दरवर्षी आपण त्यात कामे वाटून देतो: लिहिणारी लिहिते, जिचा हात चांगला ती चित्र काढते, जिचे अक्षर वळणदार ती उतरवून देते. यंदा माझी एक विनंती आहे. निदान आठ पाने अशी ठेवा की, ज्या बाईने लिहावे तिनेच त्यावर रेघ ओढावी, आणि जिने रेघ ओढावी तिनेच एक ओळ लिहावी. "मला चित्र येत नाही" म्हणणारीने दुधाच्या रेघा काढाव्या. "मला लिहिता येत नाही" म्हणणारीने तीन रात्री बसून पाहावे. आणि आपल्या घरातली एखादी मुलगी दोन्ही हातांत दोन गोष्टी घेऊन आपल्यापुढे उभी राहिली, तर "एक धर" म्हणण्यापूर्वी तिला क्षणभर विचारावे, "दुसरे ठेवायला मी जागा करून देऊ का?"